एकदा लिहा, प्रत्येक क्लासवर चालवा: युनिट टेस्टचा वारसा

समजा तुमच्या प्रोजेक्टमध्ये तीन क्लास आहेत. तिघांचा आतला कोड वेगळा, पण बाहेरून तिघं एकच काम करतात. पहिल्या क्लाससाठी तुम्ही मन लावून टेस्ट लिहिल्या. दुसऱ्यासाठी त्याच फाइलची कॉपी केली आणि क्लासचं नाव बदललं. तिसऱ्यालाही तेच. सहा महिन्यांनी पहिल्या फाइलमध्ये एक महत्त्वाची टेस्ट वाढली आणि बाकीच्या दोन फाइलमध्ये ती टाकायची राहून गेली. आता सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतात, पण दोन क्लास तपासलेलेच नाहीत.

कोडमध्ये कॉपी-पेस्ट दिसली की रिव्ह्यूमध्ये कोणीतरी बोलतं. टेस्टमध्ये दिसली की ‘टेस्टच तर आहे’ म्हणून सोडून देतात. या लेखात त्यावरचा एक जुना, साधा उपाय बघू या: समान टेस्ट एका बेस क्लासमध्ये लिहायच्या आणि इनहेरिटन्सने म्हणजे वारशाने त्या प्रत्येक क्लासला द्यायच्या. हे कसं करायचं, यातून काय पकडलं जातं आणि काय सुटतं, तिन्ही गोष्टी पाहू.

उदाहरण: जमिनीचं क्षेत्र

इनहेरिटन्स म्हटलं की पुस्तकात कुत्रा, मांजर आणि ‘प्राणी’ नावाचा क्लास येतो. मी शिरपूरचा. आमच्याकडे वारसा म्हटलं की आधी सातबारा आठवतो, म्हणून उदाहरणही तिथलंच घेतो.

जमिनीचं क्षेत्र आपण किमान तीन प्रकारे लिहितो:

१. सातबाऱ्यावर शेतजमीन हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असते. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर.

२. बिनशेती जमीन आर-चौरस मीटरमध्ये असते.

३. बोलण्यात आणि जुन्या कागदांत एकर-गुंठे-आणे असतात. १ एकर म्हणजे ४० गुंठे, १ गुंठा म्हणजे १६ आणे.

तिघांसाठी तीन क्लास करू: ‘हेक्टरआर’, ‘आरचौमी’ आणि ‘एकरगुंठा’. पहिले दोन आतमध्ये सगळं चौरस मीटरमध्ये ठेवतात, तिसरा आण्यांमध्ये. म्हणजे प्रत्येकाकडे एक ‘लहान एकक’ आहे आणि त्याचा आकडा नेहमी पूर्णांकच असतो. हा निर्णय मुद्दाम घेतलाय. दशांशात ठेवलं तर वाटणी करताना शेवटच्या अंकांची गडबड होते.

आणि वाटणी हाच कळीचा प्रश्न. १ हेक्टर तीन भावांत वाटायचं तर प्रत्येकी ३३ आर ३३ चौमी येतात आणि १ चौमी उरतो. तो कुणाला? प्रोग्रामने तो गिळला तर वाट्यांची बेरीज मूळ क्षेत्राएवढी होत नाही. एका चौरस मीटरने कुणाचं शेत जात नाही. पण बेरीज न जुळणाऱ्या हिशोबावर कुणी विश्वासही ठेवत नाही, आणि भावाभावांत तर नाहीच नाही.

(हे सगळं शिकण्यापुरतं आहे. कुणाचा हिस्सा किती हे कायदा ठरवतो आणि मोजणी भूमी अभिलेख खातं करतं.)

आधी करार ठरवा

टेस्ट लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: क्षेत्राचा कुठलाही क्लास असो, त्याने काय पाळलंच पाहिजे? मी चार गोष्टी काढल्या:

- बेरीज: वाट्यांची बेरीज मूळ क्षेत्राएवढीच.
- फरक: कुठल्याही दोन वाट्यांत एका लहान एककापेक्षा जास्त फरक नाही.
- शून्य: शून्य क्षेत्र मिळवलं तर क्षेत्र बदलत नाही.
- लिहून-वाचून: क्षेत्र मजकुरात लिहिलं आणि परत वाचलं की तेच क्षेत्र मिळतं.

याला मी करार म्हणतो. यात हेक्टर नाही, गुंठा नाही, ४० नाही की १०० नाही. जे तिघांनाही लागू आहे तेवढंच आहे. ही यादी नीट झाली तर पुढचं काम अर्ध्या तासाचं आहे.

समान टेस्टचा क्लास

खालचा कोड पायथॉनच्या धर्तीवर आहे. वाचायला सोपं जावं म्हणून कीवर्डसुद्धा देवनागरीत लिहिलेत. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची आणि क्लासची नावं देवनागरीत चालतात, कीवर्ड मात्र मूळ रूपातच टाकावे लागतात.

```
क्लास क्षेत्राचा_करार:

    एकूण_यादी = (१, ७, ६४०, १०५०७)
    वाटेकरी_यादी = (१, २, ३, ७)

    डेफ क्षेत्र_बनव(सेल्फ, एकूण):
        रेझ नॉटइम्प्लिमेंटेडएरर

    डेफ टेस्ट_बेरीज(सेल्फ):
        फॉर एकूण इन सेल्फ.एकूण_यादी:
            फॉर जण इन सेल्फ.वाटेकरी_यादी:
                विथ सेल्फ.सबटेस्ट(एकूण=एकूण, जण=जण):
                    क्षेत्र = सेल्फ.क्षेत्र_बनव(एकूण)
                    वाटे = क्षेत्र.वाटे_कर(जण)
                    सेल्फ.असर्टइक्वल(बेरीज_कर(वाटे), क्षेत्र)

    डेफ टेस्ट_फरक(सेल्फ):
        (लूप वरचेच)
        आकडे = [वा.लहान_एककात() फॉर वा इन वाटे]
        सेल्फ.असर्टलेसइक्वल(मॅक्स(आकडे) - मिन(आकडे), १)
```

‘शून्य’ आणि ‘लिहून-वाचून’ या टेस्टही अशाच, म्हणून जागा वाचवतो.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, ‘क्षेत्र_बनव’ हे रिकामं मेथड आहे. कराराला क्षेत्र हवंय, पण कुठल्या क्लासचं ते त्याला माहीत नाही. ते मुलाने सांगायचं. दुसरी, हा क्लास ‘टेस्टकेस’पासून आलेला नाही. का, ते पुढे सांगतो.

आता मुलं:

```
क्लास हेक्टरआर_टेस्ट(क्षेत्राचा_करार, युनिटटेस्ट.टेस्टकेस):
    डेफ क्षेत्र_बनव(सेल्फ, एकूण):
        रिटर्न हेक्टरआर(चौमी=एकूण)

क्लास एकरगुंठा_टेस्ट(क्षेत्राचा_करार, युनिटटेस्ट.टेस्टकेस):
    डेफ क्षेत्र_बनव(सेल्फ, एकूण):
        रिटर्न एकरगुंठा(आणे=एकूण)
```

‘आरचौमी’चंही तसंच. करारात चार टेस्ट, मुलं तीन, म्हणजे एकूण १२ टेस्ट चालतात. उद्या करारात पाचवी टेस्ट टाकली तर कुणाला काही न सांगता १५ होतात. सुरुवातीला जी टेस्ट टाकायची राहून गेली होती, ती आता राहूच शकत नाही.

चौथा क्लास येतो तेव्हा

कॉपी-पेस्ट वाचली हा फायदा आहेच, पण मला यातला खरा फायदा वेगळा वाटतो. तो नवा क्लास आला की दिसतो.

सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं आणि पोटखराब क्षेत्र वेगळं लिहिलेलं असतं. समजा टीममधल्या एकाने त्यासाठी ‘शेतजमीन’ नावाचा क्लास लिहिला. त्यात दोन आकडे आहेत: लागवडीयोग्य आणि पोटखराब. वाटणी करताना तो दोन्ही आकडे वेगवेगळे वाटतो, आणि जे उरतं ते पहिल्या वाटेकऱ्यांपासून एकेक करून देतो. वाचायला अगदी बरोबर वाटतं.

टेस्टसाठी त्याने चार ओळींचा मुलगा-क्लास लिहिला. ‘क्षेत्र_बनव’मध्ये एकूण क्षेत्राचा दहावा भाग पोटखराब धरला. टेस्ट चालवल्या. बेरीज हिरवी, शून्य हिरवी, लिहून-वाचून हिरवी. फरक लाल! एकूण ६४०, जण ७.

हिशोब करून बघू. ६४० चौमीपैकी पोटखराब ६४, लागवडीयोग्य ५७६. सात जणांत ५७६ वाटले तर प्रत्येकी ८२ येतात आणि २ उरतात. ते पहिल्या दोघांना गेले. ६४ वाटले तर प्रत्येकी ९ येतात आणि १ उरतो. तोही पहिल्यालाच गेला. म्हणजे पहिल्याला ८३ + १० = ९३, दुसऱ्याला ८३ + ९ = ९२ आणि बाकी पाच जणांना ८२ + ९ = ९१. बेरीज ६४० बरोबर आहे. पण पहिल्याला शेवटच्या पाच जणांपेक्षा २ जास्त मिळाले. प्रत्येक वेळी उरलेलं पहिल्यालाच!

उपाय सोपा आहे. पोटखराबाचा उरलेला भाग पहिल्यापासून न देता, लागवडीयोग्यचं वाटप जिथे थांबलं तिथून पुढे द्यायचा. मग पहिल्या तिघांना ९२ आणि उरलेल्या चौघांना ९१. बेरीज ६४०, फरक १.

नवा क्लास लिहिणाऱ्याला ही टेस्ट सुचली असती का? बहुतेक नसती. तो एकेका आकड्याचा विचार करत होता आणि एकेक आकडा बरोबरच वाटला जात होता. टेस्ट आधीच लिहिलेली होती, त्याला फक्त क्षेत्र कसं बनवायचं ते सांगावं लागलं. यात आकड्यांच्या निवडीचाही हात आहे. वरच्या यादीत वाटेकरी १, २ आणि ३ एवढेच असते तर ही चूक सापडलीच नसती. ७ होता म्हणून सापडली. करारात गोल आकड्यांसोबत असे आडमुठे आकडे ठेवा.

वारशाने काय तपासलं जात नाही

आता दुसरी बाजू. बोलताना लोक गुंठा आणि आर एकच धरतात. समजा ‘एकरगुंठा’ क्लासमध्ये ‘चौमीत_दे’ नावाचं मेथड आहे आणि कुणी त्यात १ गुंठा = १०० चौमी असं लिहिलं. करारातल्या चारही टेस्ट हिरव्याच राहतील. बेरीज जुळेल, फरक जुळेल, सगळं जुळेल.

खरा गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. १ फूट ०.३०४८ मीटर धरला तर गुंठा होतो सुमारे १०१.१७ चौमी. एका गुंठ्यामागे १.१७ चौमीचा फरक किरकोळ वाटतो. पण २ एकर म्हणजे ८० गुंठे झाले की तो जवळपास ९३.७ चौमी होतो. म्हणजे एक गुंठा जमीन कागदावरून गायब व्हायला थोडीच उरली.

लिहिण्याचंही तसंच. १ हेक्टर ५ आर ७ चौमी हे ‘१.०५.०७’ असं लिहायला हवं. क्लासने ‘१.५.७’ लिहिलं आणि स्वतःच ते बरोबर वाचलं, तर लिहून-वाचून टेस्ट पास होते. कागद वाचणारा माणूस मात्र ते दीड हेक्टर समजू शकतो. मधला फरक ४५ आरचा!

म्हणून प्रत्येक मुलाकडे स्वतःच्या टेस्टही हव्यात:

```
क्लास एकरगुंठा_टेस्ट(क्षेत्राचा_करार, युनिटटेस्ट.टेस्टकेस):
    ...
    डेफ टेस्ट_एक_एकर_किती_चौमी(सेल्फ):
        एकर = एकरगुंठा(आणे=६४०)
        सेल्फ.असर्टऑलमोस्टइक्वल(एकर.चौमीत_दे(), ४०४६.८६, प्लेसेस=२)
```

लक्षात ठेवायचं सूत्र एवढंच: वागणूक करारात, आकडे मुलात. क्लासने कसं वागावं हे सगळ्यांना समान असतं, ते वारशाने येतं. एकराचे किती चौमी होतात हे ज्याचं त्यालाच माहीत, ते त्याच्याच टेस्टमध्ये लिहायचं.

हे खरंच कुणी वापरतं का?

वापरतं, आणि तुमच्या लॅपटॉपवर असलेलं पायथॉनच वापरतं. पायथॉनच्या सोर्स कोडमधल्या टेस्टच्या फोल्डरमध्ये ‘सीक_टेस्ट्स’ आणि ‘लिस्ट_टेस्ट्स’ अशा दोन फाइल आहेत. दोन्हींत ‘कॉमनटेस्ट’ नावाचा क्लास आहे. पहिल्यात कुठल्याही सीक्वेन्सने काय पाळावं ते आहे, आणि दुसरा त्याच्यापासून येऊन लिस्टसाठीच्या टेस्ट वाढवतो. टपलची टेस्ट पहिल्यापासून येते, लिस्टची दुसऱ्यापासून. मुलगा-क्लास फक्त ‘टाइपटूटेस्ट’ या नावात कुठला टाइप तपासायचा ते सांगतो.

यात एक बारीक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘यूजरलिस्ट’ हा क्लास लिस्टपासून आलेला नाही, तो आतमध्ये एक लिस्ट ठेवून काम करतो. तरी त्याच्या टेस्ट लिस्टच्याच ‘कॉमनटेस्ट’पासून येतात. म्हणजे मूळ कोडमध्ये नातं नसलं तरी टेस्टमध्ये नातं असू शकतं. टेस्टचा वंशवृक्ष कराराप्रमाणे चालतो. आपले ‘हेक्टरआर’ आणि ‘एकरगुंठा’ही एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

जावावाल्यांसाठी: जेयुनिटमध्ये करार ॲबस्ट्रॅक्ट क्लासमध्ये लिहा आणि ‘क्षेत्र_बनव’ ॲबस्ट्रॅक्ट ठेवा. जेयुनिट ५ पासून इंटरफेसमधल्या डिफॉल्ट मेथडवरही टेस्टची खूण लावता येते, त्यामुळे एका क्लासला दोन करार लावणं सोपं जातं.

अडखळायच्या जागा

बेस क्लास स्वतःच चालू लागतो. करार ‘टेस्टकेस’पासून आणला तर टेस्ट रनर त्यालाही टेस्ट समजून चालवतो, आणि ‘क्षेत्र_बनव’ रिकामं असल्यामुळे एरर येतो. म्हणून वर आपण तो साधा क्लास ठेवला आणि ‘टेस्टकेस’ फक्त मुलांना दिला. पायथॉनच्या सोर्समध्ये करार ‘टेस्टकेस’पासूनच येतो. पण तो वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि मुलांच्या फाइलमध्ये पूर्ण मॉड्यूल इम्पोर्ट करतात, क्लास नाही. क्लास थेट इम्पोर्ट केला तर तो त्या फाइलचाच समजून चालवला जातो.

एकाच नावाची टेस्ट. मुलाने ‘टेस्ट_बेरीज’ नावाची स्वतःची टेस्ट लिहिली तर वडिलांची टेस्ट गुपचूप झाकली जाते. एरर नाही, वॉर्निंग नाही. करारातल्या नावांना ‘टेस्ट_करार_बेरीज’ असं काहीतरी ठरावीक नाव द्या.

सेटअप विसरणं. कराराला स्वतःचा ‘सेटअप’ असेल आणि मुलानेही लिहिला, तर मुलाने ‘सुपर’मधून वडिलांचा सेटअप बोलवायलाच हवा. क्लास लिहिताना करार आधी आणि ‘टेस्टकेस’ नंतर, हा क्रमही पाळा.

लाल टेस्ट कुणाची? फेल झालेली ओळ करारातली दिसते, त्यामुळे नवा माणूस करारच बदलायला धावतो. रिपोर्टमध्ये मुलाचं नाव आधी बघा. एकच मूल लाल असेल तर शोध तिथून सुरू करा. सगळी लाल असतील तर करार तपासा.

करार मोडला तर चूक कुणाची?

समजा कुणी ‘तुकडेबंदी’ नावाचा पाचवा क्लास आणला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडायला बंदी आहे, म्हणून हा क्लास लहान वाटे करायला नकार देतो आणि एरर फेकतो. आपल्या करारात १ चौमीचे ७ वाटे करायची टेस्ट आहे. अर्थात लाल.

इथे सगळ्यात मोठा मोह होतो: मुलात ती टेस्ट ओव्हरराइड करायची आणि आत फक्त ‘पास’ लिहायचं. पायथॉनच्या सोर्समध्येही असं एक ठिकाण आहे. ‘डेक’ हा टाइप स्लाइसिंग करू देत नाही, म्हणून त्याच्या टेस्टमध्ये स्लाइसिंगवाल्या टेस्ट ‘पास’ने वगळल्या आहेत, आणि तसं का केलं ते कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय. तिथे ते ठरवून केलंय. आपल्याकडे ते बऱ्याचदा शुक्रवारी संध्याकाळी केलेलं असतं.

बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेला विचार इथे कामी येतो: एका टाइपच्या जागी दुसरा टाइप ठेवला तर वापरणाऱ्याच्या अपेक्षा मोडता कामा नयेत. ‘तुकडेबंदी’ क्लास दिला आणि वाटे_कर अचानक नकार देऊ लागलं, तर बाकीचा सगळा कोड गोंधळणार. टेस्ट लाल होऊन हेच सांगतेय. मग तीन रस्ते उरतात. नियम क्षेत्राच्या क्लासमधून काढून वेगळ्या तपासणीत ठेवायचा. किंवा ‘वाटणी नाकारली जाऊ शकते’ हे करारातच सगळ्यांसाठी लिहायचं. किंवा हा क्लास या कुटुंबातला नाही हे मान्य करायचं. मी पहिला रस्ता घेईन. क्षेत्र किती हे मोजण्याचं काम, आणि वाटणी कायद्यात बसते का हे वेगळं काम.

कधी वापरू नये

दोन टेस्टना एकच डेटाबेस जोडणी लागते म्हणून बेस क्लास करू नका. त्यासाठी साधं फंक्शन किंवा फिक्स्चर पुरतं. क्लास तेच, फक्त आकडे बदलतात, अशा वेळी पायटेस्टचं पॅरामीटराइझ जास्त सुटसुटीत आहे. आणि वारसा एकाच पिढीचा ठेवा, फार तर दोन. एखादी टेस्ट कुठून आली हे शोधायला चार फाइल उघडाव्या लागल्या तर वाचलेला वेळ तिथेच गेला.

सुरुवात करायची असेल तर आज तुमच्या प्रोजेक्टमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दोन टेस्ट फाइल शोधा आणि शेजारीशेजारी उघडा. दोन्हीकडे आहे ते करारात टाका. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, अशा प्रत्येक टेस्टपाशी थांबून विचारा: ही या क्लासचीच खासियत आहे, की दुसरीकडे लिहायची राहिली? माझा अनुभव असा, की या प्रश्नाच्या उत्तरातच एखादा बग हाती लागतो.